शेजाऱ्याने गाडी ठोकली आणि त्याचा विमा संपलेला निघाला, तर काय करायचं?

गेल्या वर्षी जानेवारीत, संक्रांतीला आठवडा असताना, दारात उभी असलेली माझी गाडी समोरच्या अण्णांच्या पिकअपने ठोकली. आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. गल्ली अरुंद, सकाळी साडेसहाची वेळ, आणि पिकअपमध्ये टॉवेलचे गठ्ठे केबिनच्या वर हातभर रचलेले. गाडी मागे घेताना अण्णांना काही दिसलंच नाही. आवाज ऐकून मी बाहेर आलो. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या दारावर वीतभर पोचा पडला होता, चाकावरचा पत्रा आत गेला होता, आणि चंदेरी रंगावर पिकअपचा पांढरा रंग पट्ट्यासारखा घासून बसला होता. अण्णा खाली उतरले. "मालक, चुकलं माझं. बघू आपण काय ते," म्हणाले. अर्ध्या तासाने कळलं की पिकअपचा इन्शुरन्स तीन आठवड्यांपूर्वीच संपलेला आहे.

विमा नाही म्हणजे आपले पैसे बुडाले, असं मला त्या दिवशी वाटलं. ते खरं नव्हतं. पण खरं काय ते समजायला मला दहा माणसांना विचारावं लागलं, आणि दहा जणांनी दहा सल्ले दिले. ज्यांनी पहिल्यांदाच गाडी घेतली आहे आणि ज्यांच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. धडकेत माणसाला लागलं असेल, अगदी थोडं जरी, तर आपसात मिटवण्याचा विचारही करू नका. आधी दवाखाना, मग ११२ ला फोन आणि पोलिसात रीतसर नोंद. पुढे लिहिलेलं सगळं फक्त गाडीच्या नुकसानीबद्दल आहे.

त्याच्या विम्यावर किती अवलंबून राहायचं?

जितकं वाटतं तितकं नाही. रस्त्यावर गाडी चालवायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ हेच सांगतं. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान या विम्यात येतं. मोटारीसाठी त्याची नेहमीची मर्यादा साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख असते. मालकाने थोडा हप्ता वाचवायला ती सहा हजारांवर आणलेली असू शकते.

पण शेजाऱ्याच्या विमा कंपनीत जाऊन तुम्ही फॉर्म भरला आणि तिने दार दुरुस्त करून दिलं, असं आपल्याकडे होत नाही. कंपनीने स्वतःहून दिलं तर दिलं. नाहीतर थर्ड पार्टीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. तिथे अर्ज, वकील, तारखा हे सगळं आलं. चौदा हजारांच्या दारासाठी त्या वाटेने फारसं कोणी जात नाही. म्हणून अण्णांचा विमा चालू असता, तरी माझ्यासमोरचे रस्ते जवळजवळ तेच राहिले असते: अण्णांनी खिशातून द्यायचे, मी माझ्या विम्यातून घ्यायचे, किंवा कायद्याच्या मार्गाने वसूल करायचे.

आणि विमा नसला म्हणून जबाबदारी जात नाही. ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याने, आणि त्याच्याबरोबर गाडीच्या मालकाने, ते भरून द्यायचं असतं. विमा असेल तर तो भार कंपनी उचलते, नसेल तर तो मालकाच्या अंगावर राहतो, एवढाच फरक. विनाविमा गाडी चालवली म्हणून कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, पुन्हा सापडल्यास दंड चार हजार. तो दंड सरकारजमा होतो. त्यातून तुमचं दार नीट होत नाही.

गाडी हलवण्याआधी

पहिली दहा-पंधरा मिनिटं भांडणात घालवू नका, फोटोंसाठी वापरा. आधी लांबून: दोन्ही गाड्या, दोन्ही नंबरप्लेट, गल्ली, आजूबाजूची घरं एकाच चौकटीत यायला हवीत, म्हणजे जागा ओळखू येईल. मग जवळून. मी पोच्याशेजारी घरातली शाळेची पट्टी धरली होती, त्यामुळे लांबी किती आणि जमिनीपासून उंची किती ते फोटोतच आलं. मग तशीच पट्टी धरून पिकअपच्या मागच्या लोखंडी कोपऱ्याचा फोटो घेतला. दोन्ही उंची जुळल्या. त्या कोपऱ्यावर माझा चंदेरी रंग लागला होता आणि माझ्या दारावर त्याचा पांढरा. पुढे "हा पोचा आधीचाच होता" असं म्हणायला कुणालाच जागा उरली नाही. तो घासलेला रंग लगेच पुसून काढू नका. माझ्या भाच्याने कापड आणलंच होतं, मी त्याला थांबवलं.

फोटो झाल्यावर एक छोटा व्हिडिओ घ्या, गाडीभोवती एक फेरी मारून. बोलायचं असेल तर तारीख, वेळ आणि जागा एवढंच बोला. शेजाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून "बोला, कबूल करा" असं करू नका. चूक कबूल करायला आलेला माणूसही त्याने बिथरतो, आणि तुम्हाला त्याच्यासमोर पुढची वीस वर्षं राहायचं आहे.

कॅमेऱ्यांकडे त्याच दिवशी बघा. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, समोरचा कारखाना, सोसायटीचं गेट, कुठे ना कुठे कॅमेरा असतोच. बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. रात्रीत कोणीतरी ठोकून गेलं असेल आणि शेजाऱ्यावर फक्त संशय असेल, तर कॅमेरा हाच तुमचा एकमेव आधार. चित्रण हातात येईपर्यंत कुणाचं नाव घेऊ नका.

तुमची गाडी कुठे उभी होती तेही प्रामाणिकपणे बघा. वळणावर, दुसऱ्याच्या गेटसमोर किंवा निम्मा रस्ता अडवून उभी असेल, तर थोडा दोष तुमच्याकडेही येतो आणि भरपाई त्या मानाने कमी होऊ शकते. माझी गाडी भिंतीला लागून होती. ते फोटोत दिसत होतं.

शेजाऱ्याकडून काय मागायचं

चार गोष्टी: आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र), चालवणाऱ्याचं लायसन्स, विम्याची पॉलिसी आणि मोबाईल नंबर. चौथी तुमच्याकडे असेलच. मागताना "तुमच्यावर केस करायची आहे" असा सूर नको. "अण्णा, माझ्या इन्शुरन्सवाल्याला कळवावं लागेल, तो हे सगळं विचारणार" असं मी म्हणालो, आणि ते खरंही होतं.

आरसीवरचं नाव नीट वाचा. सेकंडहँड टेम्पो घ्यायचा, पैसे द्यायचे आणि नावावर करायचं राहूनच जायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. अशा वेळी कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. जुना मालक बार्शीत किंवा अक्कलकोटला बसलेला असेल, तरी जबाबदारीतून सुटत नाही. ही गोष्ट शेजाऱ्यालाही सांगा. बऱ्याचदा नोटिशीपेक्षा ती लवकर काम करते, कारण जुन्या मालकाचा फोन त्यालाच येणार असतो.

विमा खरंच संपला आहे का, हे कसं बघायचं

सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण तारीख उघड असते. अण्णांच्या एमएच १३ च्या पिकअपसमोर डिसेंबरमधली तारीख दिसत होती.

एवढ्यावर निकाल देऊ नका. विमा नवा केला तरी त्याची नोंद पोर्टलवर यायला कधी कधी वेळ लागतो. जुन्या गाड्यांच्या नोंदीत चुकाही असतात. म्हणून पॉलिसीची प्रत मागाच. एजंटकडून काढली असेल तर ती एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असते, दोन मिनिटांत येते. प्रत आली की तीन गोष्टी बघा. गाडीचा नंबर आणि चासी नंबर जुळतो का. पॉलिसी खरी आहे का, त्यासाठी वरचा क्यूआर कोड स्कॅन करा किंवा कंपनीच्या नंबरवर फोन करून पॉलिसी क्रमांक सांगा. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: विमा कधीपासून सुरू, ती तारीख आणि वेळ.

वेळ म्हणजे अक्षरशः घड्याळातली वेळ. खंड पडल्यावर नवी पॉलिसी काढली की तिच्यावर किती वाजल्यापासून लागू ते छापलेलं असतं. अण्णांचा मुलगा त्या दिवशी म्हणाला, "दादा, थांबा, मी अकरा वाजता ऑनलाइन काढून देतो." बिचाऱ्याने मनापासून सांगितलं होतं. पण साडेसहाला झालेला अपघात अकरा वाजताच्या पॉलिसीत बसत नाही. तारीख तीच दिसते म्हणून काहीजण तसा दावा लावायला बघतात; तो विमा कंपनीची फसवणूक ठरतो, आणि तुम्ही साक्षीला राहिलात तर तुम्हीही त्यात आलात. मी त्याला म्हणालो, पॉलिसी आजच काढ, पण उद्यापासूनच्या रस्त्यासाठी काढ.

आणखी एक गोंधळ नव्या गाड्यांचा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. त्यामुळे शेजारी "माझा इन्शुरन्स संपलाय" म्हणतो तेव्हा कधी कधी फक्त त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग संपलेला असतो आणि थर्ड पार्टी चालूच असते. उलटंही होतं. तुमची स्वतःची गाडी तीन वर्षांच्या आतली असेल, तर तुमचीही पॉलिसी आजच काढून बघा. थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा, असं असेल तर दुसऱ्या वर्षी तो भाग आठवणीने वाढवावा लागतो.

शेजारी काहीच दाखवायला तयार नसेल, तर कलम १६० लक्षात ठेवा. अपघातातल्या गाडीची ओळख, ती कोण चालवत होता आणि तिचा विमा कोणाकडे आहे, ही माहिती भरपाई मागणाऱ्याला शुल्क घेऊन देणं पोलिसांवर आणि आरटीओवर बंधनकारक आहे.

बंद सोसायटीच्या आत गाडी ठोकली असेल तर ती जागा सार्वजनिक म्हणायची की नाही, यावर विम्याच्या बाबतीत वाद होऊ शकतो. पण नुकसान भरून द्यायची शेजाऱ्याची जबाबदारी गेटच्या आत आणि बाहेर सारखीच.

पोलिसात जायचं का?

फक्त पत्र्याचं नुकसान आहे आणि समोरचा माणूस नाकारत नाही, तर लगेच ठाण्यात जायची गरज मला वाटत नाही. तो नाकारत असेल, दारू पिऊन चालवत असेल, लायसन्स नसलेल्या पोराला गाडी दिली असेल, किंवा अंगावर आला असेल, तर जा, आणि त्याच दिवशी जा. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे. आपली गल्ली फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, एमआयडीसी यांपैकी नेमक्या कोणत्या ठाण्यात येते ते आधी विचारून घ्या, नाहीतर "ही आमची हद्द नाही" हे ऐकायला अर्धा दिवस जातो. शहराबाहेरच्या गावांसाठी ग्रामीण पोलीस वेगळे.

तक्रार लेखी द्या, एका पानात. किती वाजता, कुठे, कोणत्या नंबरच्या गाडीने, काय नुकसान, साक्षीदार कोण. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशी बेदरकार गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खालचा गुन्हा आहे. पण गल्लीत हळू मागे घेताना लागलेल्या धक्क्याला ठाण्यात बहुधा अदखलपात्र नोंद किंवा स्टेशन डायरीतली नोंदच मिळते. तीही पुरेशी असते. तिचा नंबर आणि तारीख घ्या.

"पैसे दे, नाहीतर पोलिसात देतो" असं मात्र बोलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर लिहूच नका. तक्रार द्यायची तर द्या. तिचा भाव ठरवला की पुढे त्याच शब्दांनी खंडणीची उलटी तक्रार होऊ शकते.

खर्च नक्की किती

दोन ठिकाणचं लेखी एस्टिमेट घ्या. मला गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपने २३,४०० सांगितले, दार बदलून. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने दार ठोकून सरळ करायचे आणि दोन पॅनल रंगवायचे मिळून १४,५०० सांगितले. त्याने पत्र्यावर हात फिरवून दाखवलं: पोच्याची कड कुठेही तुटलेली नव्हती, पत्रा फक्त दबला होता, काच वर-खाली होत होती. मी दुसरं एस्टिमेट धरलं, कारण शेजाऱ्याकडून मागायचा खर्च जेवढ्यात काम नीट होईल तेवढाच असावा. जुने ओरखडे त्यात घालू नका. माझ्या पुढच्या बंपरवर आधीचा ओरखडा होता, तो मी यादीतून स्वतःच काढायला लावला. अण्णांनी ते पाहिलं, आणि नंतर एका रुपयाची घासाघीस केली नाही.

आपल्या विम्यातून घ्यायचं की नाही

तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी असेल तर हा प्रश्नच येत नाही. त्यात स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही. लोक ज्याला फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात तो असेल, तर चूक शेजाऱ्याची असली तरी तुम्ही स्वतःच्या कंपनीकडे क्लेम करू शकता. मात्र आधी हिशोब करा.

कापलं काय जातं ते बघा. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममधले पहिले १,००० रुपये तुमचे, त्यावरच्या इंजिनाला २,०००. बदललेल्या प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. पत्र्याच्या नव्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे घट लागते; पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेला घट नाही. झिरो डेप, म्हणजे घट न कापण्याचं जादा हप्त्याचं अ‍ॅड-ऑन, घेतलेलं असेल तर हे घटीचं दुखणं बहुतेक जातं, पण हजाराची कपात राहते.

मोठा तोटा नो क्लेम बोनसचा. क्लेम नसलेल्या वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो, आणि एक क्लेम केला की थेट शून्यावर येतो. ही सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही. समजा तो हप्ता ६,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात. क्लेम केला, तर पुढच्या वर्षी ३,००० जास्त भराल, त्याच्या पुढच्या वर्षी १,८००, मग १,५००, मग ९००, मग ३००. पाच वर्षांत ७,५०० गेले. माझ्या १४,५०० च्या कामात हजाराची कपात आणि रंगाच्या सामानावरची घट जाऊन मला पावणेतेरा हजारांच्या आसपास मिळाले असते. त्यातून हे साडेसात हजार वजा करा. हातात राहिले सव्वापाच.

म्हणून माझं मत असं: पाच-सात हजारांच्या कामाला क्लेम करू नका. पन्नास हजारांच्या कामाला शेजारी कितीही चांगला असला तरी क्लेम करा, कारण एवढी रक्कम माणूस मनापासून "देतो" म्हणतो आणि देऊ शकत नाही. मधल्या रकमांसाठी तुमचा बोनस किती टक्क्यांवर आहे ते बघून ठरवा. बोनस जपणारं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल, तर गणित पुन्हा तुमच्या बाजूने झुकतं.

क्लेम करायचा असो वा नसो, कंपनीला शक्यतो त्याच दिवशी कळवा. नुसतं कळवलं म्हणून बोनस जात नाही. क्लेम मंजूर होऊन पैसे घेतले की जातो. कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येऊन जाईपर्यंत किंवा कंपनीने फोटो मंजूर करेपर्यंत गाडीला हातोडा लागू देऊ नका.

आता एक सल्ला, जो मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला: "शेजाऱ्याचं नाव कशाला घालता? खांबाला लागली म्हणा." तो ऐकू नका. फॉर्मवर खोटं कारण लिहिलं आणि सर्व्हेअरला दारावरचा पांढरा रंग दिसला, तर क्लेम नाकारायला तेवढं पुरतं. खरं लिहा: उभी गाडी, अमुक नंबरच्या वाहनाने मागे घेताना धक्का. तुम्हाला पैसे दिल्यावर कंपनी तुमच्या जागी उभी राहून शेजाऱ्याकडून वसुली करू शकते, तो तिचा हक्क आहे. छोट्या रकमेसाठी सहसा ती मागे लागत नाही. पण याच कारणासाठी एक काळजी घ्या. शेजाऱ्याकडून पैसे घेऊन "आता माझा काही दावा नाही" असं लिहून दिलंत आणि नंतर कंपनीकडे क्लेम केलात, तर तिचा वसुलीचा हक्क तुम्हीच मारला असं होतं. एक वाट धरा. एकाच दारासाठी दोन्हीकडून पैसे घेणं तर उघड लबाडी.

क्लेम विनाकारण अडला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाचा हेल्पलाइन नंबर १५५२५५.

आपसात मिटवायचं तर कागदावर

आमचं असंच मिटलं. संध्याकाळी मी अण्णांच्या कारखान्यात गेलो. माग बंद झाले होते, त्यांनी गठ्ठ्यावर बसायला चादर टाकली. बरोबर कोपऱ्यावरच्या दुकानाचे काका होते, दोघांनाही लहानपणापासून ओळखणारे. असा एक तिसरा माणूस बरोबर घ्याच. तो दोघांच्याही ऐकण्यातला असावा, आणि शक्यतो वयाने मोठा. आमच्या भागात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात. पैशाची बोलणी घरच्या भाषेत झाली की आवाज चढत नाहीत. काकांनी अर्धी बोलणी तेलुगूतच केली.

मी एस्टिमेट समोर ठेवलं आणि रक्कम सांगितली. अण्णा म्हणाले, "एकदम नाही जमणार, यात्रेच्या आधी कामगारांचा पगार आहे." मग ठरलं: ८,००० त्या आठवड्यात, ६,५०० महिनाअखेरीला. पहिला हप्ता आल्यावर गाडी कामाला टाकायची.

हे एका साध्या कागदावर मराठीत लिहिलं, आणि काकांनी वाचून दाखवलं. त्यात काय असावं ते सांगतो: दोघांची नावं, दोन्ही गाड्यांचे नंबर, अपघाताची तारीख-वेळ-जागा, कोणत्या भागांचं नुकसान, एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, आणि शेवटी हे वाक्य: "संपूर्ण रक्कम मिळाल्यावर या नुकसानीबाबत कोणताही दावा राहणार नाही." यातले "संपूर्ण रक्कम मिळाल्यावर" हे शब्द गाळू नका. पहिल्या हप्त्यालाच "दावा राहणार नाही" लिहून दिलं, तर दुसरा हप्ता मागायला आधार राहत नाही. खाली दोघांच्या आणि साक्षीदाराच्या सह्या. दोघांकडे एकेक प्रत.

पैसे यूपीआयने घ्या आणि शेऱ्यात गाडीचा नंबर टाका. रोख घेतलेत तर पावती द्या. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करतात. कामाला घेतल्यावर दार उघडल्यावर आतलं काही जास्त निघेल असं वाटत असेल, तर त्याची ओळही आधीच लिहा. माझ्या दारात आतली काच सरकवणारी पट्टी वाकलेली निघाली, ४०० रुपयांची. कागदात ती ओळ नव्हती. ते चारशे मी भरले, आणि तेच बरोबर होतं.

दिलेच नाहीत तर

आधी एक शांत मेसेज: ठरलेली तारीख गेली, कधी देताय. मग वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टाने, पोच ठेवून. पंधरा दिवसांची मुदत देऊन. बरीच प्रकरणं इथेच संपतात.

इथे न संपल्यास थेट दावा लावण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोर्टात केस नसतानाही तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. ते शेजाऱ्याला बोलावतात आणि लोकअदालतीत तडजोड घडवतात. कोर्ट फी नाही. तिथे झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्याच्यावर अपील नाही, आणि पैसे चुकवले तर त्यावर वसुली लावता येते. शेजाऱ्यांच्या भांडणाला माझ्या मते हीच सगळ्यात चांगली जागा. माहितीसाठी विधी सेवेचा १५१०० नंबर आहे.

तिथेही शेजारी आला नाही, तर आपसात लिहिलेल्या कागदावर दिवाणी दावा, आणि कागद नसेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण. मुदती लक्षात ठेवा: न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिने, कागदावरच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षं. "बघू, देईल" म्हणत सहा महिने सहज जातात. अपघाताची तारीख त्याच दिवशी मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये पाच महिने पुढे टाकून ठेवा.

आणि आपलीही पॉलिसी बघा. मुदत संपल्यावर ९० दिवसांत वाढवली नाही तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो, आणि मधल्या प्रत्येक दिवशी तुम्ही अण्णांच्या जागी असता.

अण्णांनी दुसरा हप्ता तारखेच्या दोन दिवस आधी दिला. या डिसेंबरात ते स्वतःच पिकअपची नवी पॉलिसी छापून घेऊन घरी आले. "मालक, ती वेळ बघून द्या जरा," म्हणाले. बघितली. जुनी मध्यरात्री संपत होती, नवी त्याच मिनिटाला सुरू होत होती.